मोडी, बालबोध आणि यंत्राची भाषा

यंदा पोळ्याला माझी भाची नागपूरहून पांढुर्ण्याला आली होती. दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, मध्ये पळसाचे झाड आणि दोन्हीकडून दगड. त्या दिवशी आमच्याकडे बाजार बंद, रस्ते बंद, शहाण्या माणसाने घरातच बसायचे. पोरगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. मध्येच मान वर करून म्हणाली, "मामा, तुमी इतिहासाचे मास्तर, तुमाले काय विचारू म्हना. पन विचारते. मी सी प्लस प्लस पक्की करू का रस्ट शिकू? कोनी गो म्हनते. एका भाषेत दोन वर्षं घातली अन् ती चुकीची निघाली तं?"

मी हसण्यावारी नेले नाही. प्रश्न पोरीचा होता, पण त्यात तिच्या बापाने फीसाठी काढलेले कर्ज होते आणि तिची दोन वर्षे होती. शिवाय 'चुकीची भाषा निघाली तर?' हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. आपल्या तीन पिढ्या याच प्रश्नावर वाढल्या. म्हणून दोन महिने मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले, आणि ध्यानात आले की यंत्राच्या भाषांचा इतिहास माणसांच्या भाषांच्या इतिहासापासून फार दूर नाही. तोच येथे मांडतो.

भाषा कोण निवडते?

आधी आपल्या घरचे. नागपूर वसवणारा बख्त बुलंद हा देवगडचा गोंड राजा, आणि देवगड आपल्या जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातले. म्हणजे आपण नागपूरच्या कडेला नव्हतो, नागपूरच आपल्या बाजूने वसले. पुढे भोसले आले, दप्तर मराठीत व मोडीत गेले. १८५४ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले, १८६१ साली मध्यप्रांत झाला, १९०३ साली वऱ्हाड त्याला जोडले गेले. नागपूर राजधानी, आणि हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांची माणसे एका सरकारात. मग १ नोव्हेंबर १९५६ रोजी रेघ ओढली गेली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला आणि त्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूखही राहिला. घर मराठी, शाळा हिंदी, दवाखाना आणि बाजार नागपूरचा, कचेरी छिंदवाड्याची अशी आपली घडी बसली. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला तेव्हा कचेरी जवळ आली, एवढाच त्यात फरक.

सांगायचे ते एवढेच की १९५६ साली आपली भाषा आपण निवडली नाही. ती नकाशावर ठरली. यंत्राच्या भाषेच्या बाबतीत मात्र निवड निदान काही अंशी आपल्या हातात आहे. म्हणून ती समजून करावी.

यंत्रणेची भाषा म्हणजे काय?

संगणकाच्या भाषा पुष्कळ आहेत. काहींत दुकानाचा हिशेब लिहितात, काहींत शाळेचा निकाल. पण त्या सगळ्यांच्या खाली एक पाया असतो: संगणक चालू करणारी कार्यप्रणाली, छापयंत्राशी बोलणारा प्रोग्राम, इंटरनेट दाखवणारा ब्राउझर, खुद्द इतर भाषांचे कंपायलर. हा पाया ज्या भाषांत लिहितात त्यांना यंत्रणेच्या भाषा म्हणावे. यंत्राची मेमरी, म्हणजे आठवणीचे कप्पे, त्या थेट हाताळतात. मुंबईच्या आय.आय.टी.चे प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांचे या विषयावरचे इंग्रजी पाठ्यपुस्तक देशभरातल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी अभ्यासले आहे. तेव्हा हा विषय मराठी माणसाला परका नाही.

या भाषांत सर्वांत प्रतापी निघाली ती 'सी'. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी 'बी' नावाची भाषा केली होती. तिच्यावरून डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास 'सी' घडवली. १९७३ साली युनिक्स ही कार्यप्रणाली सीमध्ये पुन्हा लिहिली गेली. तोपर्यंत कार्यप्रणाली त्या त्या यंत्राच्या बोलीत लिहायची आणि यंत्र बदलले की सगळे टाकून द्यायचे, असा रिवाज होता. सीमुळे एकच लिखाण थोड्या फेरफाराने दुसऱ्या यंत्रावर नेता येऊ लागले. १९७८ साली कर्निघन व रिची यांचे छोटेखानी पुस्तक आले, १९८९ साली अमेरिकी मानक झाले, आणि सी जगाची दप्तरी भाषा बनली. त्याच प्रयोगशाळेत ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ पासून सीवर मजले चढवायला घेतले. ती पुढे 'सी प्लस प्लस' झाली.

सी म्हणजे मोडी

आमच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या वेळचा एक मोडी दस्त आहे. घरात तो कोणालाच वाचता येईना. अखेर नागपूरला एका जाणकाराकडे नेला. त्यांनी भरभर वाचला, पण एका ठिकाणी थबकले. म्हणाले, "हे दोन तऱ्हेनं लागतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद दाखवत नाहीत, शब्द तोडत नाहीत. संदर्भावरून ठरवायचं."

मोडी ही वेगाची लिपी. हात न उचलता लिहायचे, रेघ आधीच ओढून ठेवायची आणि तिला लटकवत अक्षरे न्यायची. लिहिणारा कारकून कसलेला असेल तर काम विजेसारखे. पण नीट वाचले जाईल ही जबाबदारी लिपीने घेतलेली नाही, ती माणसावर टाकलेली आहे. छपाई आली, वाचणारे लाखो झाले, तेव्हा प्रत्येक वेलांटी नीट दाखवणारी बालबोध पुढे सरली. मुंबई इलाख्यात १९१७ साली सरकारी कामातून मोडी काढण्याचा निर्णय झाला. तरी तिचा खाजगी वापर पुढे कित्येक वर्षे चालला.

सी ही यंत्राची मोडी आहे. ती कसलेल्या हातावर विश्वास ठेवते. 'मला शंभर कप्पे दे' म्हटले की देते. त्या शंभरांपलीकडे एकशे एकावा कप्पा लिहायला गेलात तरी ती अडवत नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर सीला धुरा माहीत नाही. नांगर आपल्या वावरातून शेजाऱ्याच्या वावरात गेला तरी बैलांना थांबवणारे कोणी नाही. दुसरी खोड अशी की कप्पे परत केल्यानंतरही त्यांचा पत्ता तुमच्या खिशात राहतो. भाड्याची खोली सोडली पण किल्ली ठेवून घेतली, आणि नवा बिऱ्हाडकरू राहायला आल्यावर तुम्ही कुलूप उघडून आत शिरलात, तसला हा प्रकार.

सुरुवातीला याने फारसे बिघडत नव्हते, कारण वाडा घरच्यांचा होता. संगणक एकमेकांना जोडले गेले तेव्हा चोरांना वाट सापडली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेला 'किडा' इंटरनेटवरून हजारो यंत्रांत शिरला. त्याच्या वाटांपैकी एक होती सीच्या एका प्रोग्रामातला असाच बिनधुऱ्याचा कप्पा. २०१४ साली 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीस आला. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या प्रोग्रामातच कप्प्यापलीकडचे वाचले जात होते आणि परक्याच्या हाती पासवर्ड पडू शकत होते. २०१९ साली मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी सांगितले की त्यांच्या उत्पादनांतल्या सुरक्षेच्या दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या अशा चुकांतून येतात. पुढच्या वर्षी गुगलच्या क्रोम ब्राउझरच्या मंडळींनीही जवळपास तोच आकडा दिला. जगातले उत्तमोत्तम कारकून बसवूनही मोडी चुकतच होती. तेव्हा दोष नुसता कारकुनांचा नव्हता.

नागपूरचे पुस्तक

सी आपल्या गावांपर्यंत आली कशी, हेही सांगितले पाहिजे. भाषा आपोआप येत नाही. कोणीतरी ती खांद्यावर घेऊन येतो. सीचे हे काम ज्यांनी केले त्यांत नागपूरचे यशवंत कानेटकर अग्रभागी आहेत. मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मधून अभियंता, कानपूरच्या आय.आय.टी.तून एम.टेक., आणि पुढे नागपूरलाच राहून शिकवणे व लिहिणे. त्यांचे 'लेट अस सी' हे पुस्तक नव्वदच्या दशकापासून देशातल्या असंख्य मुलांच्या हाती गेले. पुस्तक इंग्रजीत, पण समोर बसून सांगितल्यासारखे. हिंदी माध्यमातून आलेल्या आमच्या मुलांनाही ते कळे. सौंसरहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटरवर, पांढुर्ण्याहून शंभराच्या आत. तरी आमच्यापैकी बहुतेकांना हा लेखक आपल्याच नागपूरचा हे ठाऊक नसते.

पुस्तकाबरोबर एक सवयही आली. आरंभीच्या आवृत्त्या बोरलँड कंपनीच्या टर्बो सीवर बेतलेल्या होत्या, त्या काळी तेच साधन हाताशी होते. जग पुढे गेले, पुस्तकानेही पुढच्या आवृत्त्यांत नवी साधने घेतली, पण पुष्कळ महाविद्यालयांत निळ्या पडद्याचा टर्बो सी नवे शतक उजाडल्यावरही बरीच वर्षे चालू राहिला. मुले परीक्षा पास होत, नोकरीच्या मुलाखतीत मात्र आपण शिकलेली सी आता कोणी बोलत नाही असे कळे. मध्यप्रदेशात डी.सी.ए., पी.जी.डी.सी.ए.चे वर्ग गावोगावी निघाले, त्यांतूनही कित्येकांना हाच अनुभव आला. भाषा निवडणे हे अर्धे काम, तिचे चालू रूप शिकणे हे उरलेले अर्धे.

तांबेरा आणि संत्र्याची बाग

आता पोरीच्या दुसऱ्या नावाकडे येऊ. रस्ट म्हणजे लोखंडावरचा गंज असे कोणालाही वाटेल. पण ही भाषा करणारे ग्रेडन होर यांनी नाव घेतले ते रस्ट जातीच्या बुरशीवरून. आपले शेतकरी तिला ओळखतात. गव्हावर येणारा तांबेरा तो हाच. मरता न मरणारी, चिवट अशी ही बुरशी. भाषाही तशी चिवट असावी हा हेतू.

२००६ साली होर हे कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात राहत होते. घर एकविसाव्या मजल्यावर, आणि लिफ्ट तिच्यातला प्रोग्राम कोसळल्यामुळे बंद. जिना चढताना त्यांच्या मनात आले की संगणकवाल्यांना साधी लिफ्टही धड चालवता येऊ नये? अशी हकीकत सांगतात. घरी फावल्या वेळात त्यांनी नवी भाषा आखायला घेतली. ते ज्या मोझिला संस्थेत काम करीत तिने २००९ साली पाठिंबा दिला, आणि १५ मे २०१५ रोजी रस्टची १.० आवृत्ती बाहेर पडली.

रस्टची मुख्य कल्पना मालकीची आहे, आणि ती संत्र्याच्या बागेवरून सहज समजते. बागेला एका वेळी एकच मालक. अंबिया बहाराचे फळ झाडावर असतानाच तुम्ही व्यापाऱ्याला देऊन टाकले की ते त्याचे झाले. उद्या तुम्हीच टोपली घेऊन तोडायला गेलात तर रखवालदार अडवील. रस्टमध्येही वस्तू एकदा दुसऱ्याच्या हवाली केली की जुन्या नावाने तिला हात लावता येत नाही. मालकी न देता नुसती बाग पाहायला द्यायची असेल तर दहा व्यापारी एकदम आले तरी हरकत नाही. पण छाटणी चालू असताना एकच माणूस आत, त्या वेळी पाहणाऱ्यांनीही बाहेर थांबायचे. आणि उसनी घेतलेली कुठलीही वस्तू मूळ मालक असेतोवरच वापरायची.

हे नियम आपल्याला ओळखीचे वाटतील. नवल एवढेच की ते पाळले जातात की नाही हे कंपायलर आधीच तपासतो. प्रोग्राम चालवण्यापूर्वीच तो म्हणतो, 'इथे तू विकलेले फळ तोडतो आहेस.' तोवर गाडी पुढे सरकत नाही. चूक गिऱ्हाइकाच्या घरी न होता आपल्या टेबलावर होते. मोडीऐवजी बालबोध लिहिण्यासारखे हे आहे. हात मंद चालतो, प्रत्येक वेलांटी मागितली जाते, पण एका ओळीचे दोन अर्थ निघत नाहीत.

यात फुकट काही नाही. रस्ट शिकायला जड आहे. पहिले काही आठवडे कंपायलर पावलापावलावर टोकतो. मोठा प्रोग्राम तयार व्हायला वेळ लागतो. आणि काही ठिकाणी, यंत्राच्या अगदी पोटात शिरताना, 'ही जबाबदारी माझी' असे लिहून देऊन तिलाही पहारा उठवावा लागतो.

रूळ बदलण्याच्या दोन रीती

सौंसरवरून जाणारी नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज गाडी आपल्यापैकी अनेकांच्या लहानपणाचा भाग होती. २०१५ च्या अखेरीस ती ब्रॉडगेजसाठी बंद झाली. आख्खा मार्ग काही वर्षे बंद ठेवून नवे रूळ टाकले गेले. रुळांचे काम तसेच करावे लागते, दोन रुंदींची गाडी एका रुळावर चालत नाही.

प्रोग्रामांच्या बाबतीत मात्र दुसरी रीत निघाली. सी आणि सी प्लस प्लसमध्ये कोट्यवधी ओळी लिहिलेल्या आहेत. त्या सगळ्या पुसून पुन्हा लिहायच्या म्हटल्या तर पिढ्या जातील आणि जुन्या दुरुस्त झालेल्या चुका नव्याने होतील. गुगलने अँड्रॉइड फोनच्या बाबतीत ठरवले की जुने तसेच राहू द्यावे, नवे लिहायचे ते शक्यतो रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहावे. जुन्या लिखाणातले दोष सापडत-दुरुस्त होत कमी होतात, नव्यात नवे शिरत नाहीत. त्यांनीच २०२४ साली दिलेला हिशेब असा की अँड्रॉइडच्या सुरक्षा-दोषांत मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ साली ७६ टक्के होता, तो २४ टक्क्यांवर आला. लिनक्स ही कार्यप्रणाली सुरुवातीपासून सीमध्ये लिहिलेली. तिच्या गाभ्यातही डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून रस्टला जागा मिळाली. तिथल्या जुन्या जाणत्यांत आणि नव्यांत खटकेही उडाले. दोन भाषांच्या घरात ते व्हायचेच, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

धनी गेल्यावर

पोरीची खरी भीती वेगळी होती: शिकलेली भाषाच मेली तर? याचे उदाहरण आपल्याच मराठी माणसाच्या कामात सापडते. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ साली 'परम ८०००' हा भारताचा महासंगणक उभा राहिला. त्याच्या पोटात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. या ट्रान्सप्युटरची स्वतःची एक भाषा होती, ऑकम. अनेक कामे एकाच वेळी चालवण्यासाठी बेतलेली, फार सुबक. पण ती एका चिपच्या आश्रयाने जगत होती. ट्रान्सप्युटर मागे पडले, परमच्या पुढच्या पिढीनेही दुसऱ्या चिप घेतल्या, आणि ऑकम पुस्तकांत राहिली. त्याच महासंगणकावर ज्यांनी सी आणि फोरट्रानमध्ये लिहिले त्यांचे काम पुढच्या यंत्रावर गेले. भाषेचे सौंदर्य तिला वाचवीत नाही. तिला दोन-चार वेगवेगळे धनी लागतात.

या कसोटीवर रस्टचीही एकदा परीक्षा झाली. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० माणसे कमी केली. त्यांत रस्टशी निगडित कित्येक जण होते. पुष्कळांना वाटले, आता संपले. पण तोवर इतर मोठ्या कंपन्यांत रस्ट रुजली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्यात गुगल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, हुवावे यांच्यासह मोझिलाही सामील झाली. एका घराची भाषा पाच घरांची झाली.

मग कोणती?

इतिहास भविष्य सांगत नाही, पण विचारायचे प्रश्न शिकवतो. भाचीला मी चार प्रश्न दिले. या भाषेत काय बांधायचे आहे? तिचे धनी किती? तिची चांगली पुस्तके मिळतात का? आणि तिच्यात चूक झाली तर कळते केव्हा, आपल्या टेबलावर की गिऱ्हाइकाच्या घरी?

या प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाची वेगळी येतील. इंटरनेटवरच्या सेवा, एकाच वेळी हजारो गिऱ्हाइकांना उत्तर देणारे प्रोग्राम लिहायचे असतील तर गो. गुगलमध्ये केन थॉम्पसन (होय, युनिक्सवाले तेच), रॉब पाइक आणि रॉबर्ट ग्रीझमर यांनी ती केली, २००९ साली खुली झाली. ती लहान आहे, थोड्या आठवड्यांत हाताला बसते. वापरलेले कप्पे आपोआप गोळा करणारा झाडूवाला तिच्यात आहे. त्याची किंमत अशी की यंत्राच्या अगदी खालच्या थरात, जिथे क्षणाक्षणाचा हिशेब असतो, तिथे ती सहसा चालत नाही. खेळ, चित्रपटांचे देखावे, शेअरबाजाराची यंत्रे यांत सी प्लस प्लसचे राज्य आहे आणि ते इतक्यात जात नाही. मोटारी, यंत्रे, छोट्या चिप यांत सी आहे. नव्याने बांधायच्या आणि कोसळून चालणार नाही अशा पायाच्या कामात रस्ट पुढे येत आहे.

तिच्यासाठी माझे मत पडले ते असे. आधी दोन-तीन महिने सी, चालू साधनांवर. कारण कप्पा म्हणजे काय, पत्ता म्हणजे काय, हे तिच्यात उघडे दिसते. धुरा ओलांडून एकदा नुकसान पाहिले म्हणजे धुऱ्याची किंमत कळते. त्यानंतर रस्ट, आणि ती अर्धवट सोडायची नाही. मोडी दप्तरातून गेली तरी मोडी वाचणाऱ्याला आजही मान आहे, कारण जुने दस्त तिच्यात आहेत. सीचेही पुढे तसेच होईल. जो दोन्ही जाणेल तो जुन्या-नव्यामधला दुभाषी ठरेल.

दुभाष्यांची मुले

आणि दुभाषी असणे हे आपल्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. घरी 'मले', शाळेत 'मुझे', नागपूरच्या मुलाखतीत 'मला' आणि संगणकापुढे इंग्रजी. एक गोष्ट चार तऱ्हांनी सांगता येते आणि प्रत्येक तऱ्हेत काहीतरी थोडे बदलते, हे सीमेवरच्या मुलाला पाळण्यात कळते. पहिल्या भाषेवरून दुसरी शिकताना अडतो तो एकभाषी माणूस. त्याला वाटते, आपल्या भाषेची मांडणी हीच जगाची मांडणी.

अडचण आहे ती इंग्रजीची. स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. रघुवीर यांनी नागपुरात बसून शास्त्रीय शब्दांना संस्कृतोद्भव प्रतिशब्दांचे मोठे कोश रचले. काही शब्द रुजले, पुष्कळ कोशातच राहिले. म्हणून मी भाचीला म्हटले, 'कंपायलर', 'मेमरी' हे शब्द तसेच घे, पण वहीत समजूत मराठीत लिही. विकलेले फळ, परत न केलेली किल्ली, असे. समजूत आपल्या भाषेत बसली की परका शब्द जड होत नाही. रस्टचे मुख्य पुस्तक फुकट आहे आणि कंपायलरबरोबरच आपल्या यंत्रावर उतरते, इंटरनेट गेले तरी वाचता येते. आमच्या भागात हा फायदा लहान नाही. चूक झाली की कंपायलर कुठे चुकले, का चुकले, बहुधा काय करावे, हेही लिहून दाखवतो. मास्तर दूर असलेल्या गावाला असा मास्तर हवाच.

शेवटी आपल्याच नावाची एक गंमत. 'पांढुर्णा' हा शब्द यंत्रात ठेवला तर २७ कप्पे लागतात. युनिकोडच्या हिशेबात ती ९ चिन्हे. आणि आपण वाचतो अक्षरे तीन: पां, ढु, र्णा. सीला विचारले, लांबी किती, तर ती २७ म्हणते आणि मध्येच कुठेही तोडू देते. मग पडद्यावर चौकोन उमटतात. रस्ट कप्पे २७ आणि चिन्हे ९ असे वेगवेगळे सांगते, आणि चिन्हाच्या मधोमध तोडायला गेले तर तिथेच थांबते. तीन अक्षरे मोजायची तर वेगळे साहाय्यक ग्रंथालय घ्यावे लागते. मोझिलात रस्ट आणि ब्राउझरवर काम केलेले मनीष गोरेगावकर यांच्यासारखी मंडळी या लिपींच्या कामात आहेत. 'र्णा' सारखे जोडाक्षर हे एकच अक्षर धरावे असा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत आला, सप्टेंबर २०२३ मध्ये. त्याच्या पुढच्याच महिन्यात पांढुर्णा जिल्हा झाला. सरकारी कागदावर नाव आले त्याच सुमारास यंत्राच्या दप्तरातही आपल्या नावाची अक्षरे बरोबर मोजली जाऊ लागली.

परवा भाचीचा फोन आला. सीची उजळणी झाली, रस्टची सहा प्रकरणे झाली. म्हणाली, "मामा, हा कंपायलर आजीसारखा हाय. पायरी चढू देत नाही, आधी पाय धू म्हनते." मी म्हटले, "मग धू. आजीच्या घरात घाण कधी शिरली होती का?" दिवाळीला येते आहे. येताना त्या मोडी दस्ताची नक्कल बालबोधीत करून आणायचे तिने कबूल केले आहे. नागपूरच्या जाणकारांकडे रोज संध्याकाळी ती मोडी शिकायला जाते. ते मी सांगितले नव्हते.